यंत्र आधी की गिऱ्हाईक आधी

प्रश्न

आदरणीय ताई,

मी डिचोली तालुक्यातील एका गावात राहते. माझे यजमान पूर्वी खाणीवर स्वतःचा टिप्पर चालवीत असत. 2018 साली खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्यावर बँकेचे हप्ते थकले आणि गाडी मिळेल त्या किमतीला विकावी लागली. आता ते दुसऱ्याच्या गाडीवर बदली चालक म्हणून जातात आणि महिन्यातील पंधरा-सोळा दिवसच काम मिळते. मला गृह आधार या सरकारी योजनेचे महिन्याला 1,500 रुपये येतात.

आमच्या वाड्यावर बारा जणींचा बचतगट आहे. पाच वर्षे आम्ही दरमहा प्रत्येकी 200 रुपये जमा करतो. दोन वर्षांपूर्वी बँकेने गटाला 3 लाख रुपये कर्ज दिले. ते आम्ही प्रत्येकी 25,000 असे वाटून घेतले आणि खरे सांगायचे तर चवथ (गणेशचतुर्थी), मुलांची फी, औषधपाणी आणि घरावरची कौले यांतच ते संपले. दोघींनी चार महिन्यांपासून हप्ता भरलेला नाही. मी सोलां (आमसुले), आगळ (कोकमाचा खारा रस), फणसाचे पापड आणि मसाला करते. मागच्या मे महिन्यात एका मेळाव्यात माझा सगळा माल विकला गेला, पण हातात नेमके काय उरले ते मला सांगता येत नाही.

आता आमच्या अध्यक्षा म्हणतात की जुने कर्ज फिटत आले आहे, तेव्हा नवे अडीच लाख घेऊन मसाला कुटण्याचे यंत्र आणावे आणि बारा जणींनी मिळून धंदा करावा. इतक्यात एका वित्तसंस्थेचा माणूस घरी येऊन मला एकटीला 50,000 रुपये देऊ म्हणतो. आठवड्याला 600 रुपये असे 104 हप्ते, व्याज बारा टक्के. मी गटाबरोबर जावे की स्वतंत्र कर्ज घ्यावे?

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आमच्या वाड्यावरची एक विधवा कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) मजुरीला जाते. दुसरी बेळगावकडून आलेली, भाड्याच्या खोलीत राहते. दोघींनाही गटात यायचे आहे, पण त्यांना महिन्याचे 200 रुपये जमणार नाहीत म्हणून बाकीच्या नको म्हणतात. यात मी काय करावे?

एक भगिनी, डिचोली तालुका

उत्तर

प्रिय भगिनी,

तुमच्या प्रश्नांपैकी यंत्राचा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे, कारण त्यावर लवकरच ठराव होऊन सह्या घेतल्या जातील. म्हणून आरंभ तेथूनच करते. त्या ठरावाला इतक्यात संमती देऊ नका. अध्यक्षांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु ज्या धंद्याचे गिऱ्हाईक अजून ठरलेले नाही, त्या धंद्याचे यंत्र आधी आणले की पुढची तीन वर्षे बारा घरे त्या यंत्राच्या हप्त्यासाठी राबतात.

हिशेब मांडून पाहा. अडीच लाखांचे कर्ज 7 टक्के वार्षिक व्याजाने तीन वर्षांत फेडायचे झाले, तर महिन्याचा हप्ता साधारण 7,700 रुपये बसतो. समजा तुम्ही कुटण्याचे किलोमागे 30 रुपये घेतले आणि त्यातील 10 रुपये वीज, पाती, जाळी आणि झीज यांना गेले. मग नुसता हप्ता भरण्यासाठी दर महिन्याला 385 किलो मसाला कुटावा लागेल आणि एवढे करूनही यंत्रापाशी उभी राहणारीची मजुरी सुटणार नाही. मार्च ते मे या पुरुमेंताच्या दिवसांत कदाचित एवढे काम येईल, कारण तेव्हा घरोघरी पावसाळ्याची बेगमी चालू असते. जूनपासून चवथीपर्यंत ते कोठून येणार? तुमच्या पंचक्रोशीत दळण-कुटणाच्या गिरण्या किती आहेत आणि त्या पावसात किती तास चालतात, हे त्यांच्या मालकांकडे प्रत्यक्ष जाऊन विचारून या. ती माहिती हातात येईपर्यंत कोणताही आकडा गृहीत धरू नये. आज तुमचा मसाला गिरणीवर कुटून घेतल्याने धंदा अडलेला नाही, हे तर तुमच्याच पत्रावरून दिसते, कारण मेळाव्यात सगळा माल संपला.

यंत्रापेक्षाही मला काळजी वाटते ती ‘बारा जणींनी मिळून धंदा’ या कल्पनेची. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका गावातील दहा जणींना मिळून पापडांचा धंदा काढून दिला होता. तिघी रोज लाटायला बसत. दोघींच्या घरी म्हातारी माणसे अंथरुणावर होती, म्हणून त्यांना कधी जमे, कधी जमत नसे. एकीचे मूल तान्हे होते. उरलेल्या पैसे वाटण्याच्या दिवशी मात्र वेळेवर येत, आणि आम्ही तर ‘सगळ्या समान’ असे शिकवलेले असल्यामुळे नफा दहा जणींत सारखाच वाटला जाई. चवथीपर्यंत त्यांचे बोलणे तुटले, पुढे बचतही थांबली आणि अनेक वर्षांच्या विश्वासाने उभा राहिलेला गट एका वर्षात मोडला. त्या बायकांचा त्यात दोष नव्हता. काम असमान असताना वाटणी समान ठेवायला आम्हीच सांगितले होते. तेव्हापासून मी गटांना एकच गोष्ट सांगत आले आहे: बचत, कर्ज, खरेदी आणि विक्री ही एकत्र करावी, उत्पादन जिचे तिने करावे, किंवा ज्यांचे हात आणि वेळ जुळतात अशा दोघी-तिघींनी मिळून करावे. गट पाठीशी उभा राहण्यासाठी असतो. त्याच्याच डोक्यावर धंद्याचे ओझे ठेवले की पाठीशी कोणी उरत नाही.

लिज्जत पापड आपण सर्वच जणी खातो. 1959 साली मुंबईत गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन तो सुरू केला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण त्यातील कामाची रचना फारशी सांगितली जात नाही. पीठ एका जागी मळले जाते, प्रत्येक बहीण आपल्या वाट्याचा गोळा घरी नेते, आपल्या सोयीने लाटते, वाळवते आणि दुसऱ्या दिवशी पापड परत आणून देते. तेथे ते तपासले जातात, वजन होते आणि जितके वजन तितकी मजुरी मिळते. आजारी असलेली बाई चार दिवस आली नाही, तर तिची मजुरी तेवढी कमी होते; तिच्यावर कोणी रागावत नाही. कच्चा माल, प्रतीची तपासणी, नाव आणि विक्री एकत्र ठेवून श्रमाचे मोल मात्र प्रत्येकीचे वेगळे मोजले, म्हणून ती रचना इतकी वर्षे टिकली, असे माझे मत आहे. आपल्या गोव्यातीलच प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली मुंबईत गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, तेव्हाही प्रत्येकीची खानावळ तिचीच राहिली. बदलले ते हे, की सावकाराच्या दारात एकटी उभी राहणारी बाई आता एकमेकींच्या हमीवर बँकेत जाऊ लागली.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते सांगते. बारा जणींपैकी कोण काय करू शकते हे एका बैठकीत वहीवर लिहून काढा: कोणाकडे भिंडाची (कोकमाची) झाडे आहेत, कोणाच्या हाताला पापडाची जाडी बरोबर साधते, कोणाला शिवण येते, कोण म्हैस पाळते, आणि कोणाला मुळीच धंदा करायचा नाही, कारण तिला गट केवळ अडीनडीच्या कर्जासाठी हवा आहे. या शेवटच्या उत्तराचाही मान राखला पाहिजे. मग ज्या पाच-सहा जणी खाद्यपदार्थ करतात, त्यांनी मिरची, धणे, मीठ, बाटल्या आणि पिशव्या एकत्र घ्याव्यात. एकटीने किरकोळ दुकानातून घेतलेली मिरची आणि पाच जणींनी मिळून हंगामात पोत्याने घेतलेली मिरची यांच्या भावातील फरक हाच पहिल्या वर्षीचा तुमचा खरा नफा असेल. बाजाराला जाण्याचेही तसेच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला किंवा बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजाराला पाच जणींनी पाच दिवस मोडण्याऐवजी दोघींनी सर्वांचा माल न्यावा, त्यांना त्या दिवसाची मजुरी आणि भाडे विक्रीतून आधी द्यावे आणि उरलेले पैसे ज्याच्या त्याच्या मालाप्रमाणे वाटावेत. गेलेल्या दोघींची मजुरी धरायला विसरू नका. बहुतेक गटांत तंटा पैशांच्या चोरीमुळे होत नाही, तो या न मोजलेल्या श्रमांमुळे होतो.

असे एकत्र येणे आपल्याकडच्या बायकांना नवे नाही. पौषात धालोंच्या (बायकांच्या गाण्या-नाचाच्या उत्सवाच्या) मांडावर सगळ्या वाड्यातील बायका जमतात, चवथीत फुगडीला एका घरून दुसऱ्या घरी जातात, कोणाच्या घरी बारसे असो की बारावे, कोणती भांडी कोठून आणायची हे सांगावे लागत नाही. जे जाळे सणाला आणि संकटाला आपोआप हलते, त्याच जाळ्यातून गिऱ्हाईक, भाव आणि उधारीची खबर फिरू लागली पाहिजे. तुमची नणंद म्हापशाला राहते का, शेजारणीचा भाऊ एखाद्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात कामाला आहे का, कोणाची मामेबहीण मुंबईला राहून वर्षातून एकदा जत्रेला येते का, हे प्रश्न मला कर्जाच्या अर्जाइतकेच महत्त्वाचे वाटतात.

आता गिऱ्हाइकाविषयी. मेळाव्यात सगळा माल गेला याचा आनंद जरूर माना, पण मेळावा वर्षातून एकदा येतो. तुमच्या मालाची चार-पाच प्रकारची गिऱ्हाइके संभवतात आणि त्यांचे महिने वेगवेगळे आहेत. पुरुमेंतासाठी मार्च ते मे या काळात गोव्यातीलच घरे आमसुले, मसाला, सुकी मिरची आणि पापड वर्षभराचे घेतात; ही गिऱ्हाइके भावाला घासाघीस करतात, परंतु माल पटला तर पुढच्या वर्षी पुन्हा येतात. चवथीला नेवऱ्या (करंज्या), लाडू, चकल्या आणि माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या चौकटीचे) सामान लागते, आणि नोकरी करणाऱ्या कितीतरी घरांना ते हल्ली विकत हवे असते. ऑक्टोबरनंतर पर्यटक येतात. त्यांच्यापेक्षाही मला अधिक भरवशाचे वाटतात ते मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, नार्वे येथे कुलदेवतेच्या दर्शनाला येणारे कुटुंबीय, कारण ते परत जाताना घरी आणि शेजारी देण्यासाठी सोलां, आगळ, काजूगर नेतात आणि त्यांना हा माल कशासाठी वापरायचा हे समजावून सांगावे लागत नाही. दुकानदार माल ठेवून घेतील, पण ते कमिशन मागतात आणि पुष्कळदा विकल्यानंतरच पैसे देतात, म्हणून पहिल्या वर्षी एक-दोन दुकानांच्या पलीकडे जाऊ नका. हाती भांडवल नसताना माल दुकानात आणि पैसे उधारीत अडकले तर पुढच्या हंगामाचे भिंड कशाने विकत घेणार? शाळांना माध्यान्ह आहार पुरवणाऱ्या गटांना विचारा, बिल मंजूर होऊन पैसे हाती येईपर्यंत तेल-कांद्याचा खर्च कसा भागवावा लागतो ते त्या सांगतील. ते काम वाईट नाही, पण मागे साठलेला पैसा असल्याशिवाय घेण्यासारखे नाही.

तुमच्या घराची खरी ओढाताण जून ते ऑगस्ट या महिन्यांत होत असणार. पावसात बदलीचे काम कमी, शाळांचा खर्च त्याच काळात आणि पाठोपाठ चवथ. तेव्हा धंद्याकडे पाहताना ‘टिप्परएवढे उत्पन्न कधी येईल’ हे माप लावू नका. मे महिन्यात केलेला आणि टिकणारा माल थोडा राखून ठेवून या तीन महिन्यांत दरमहा चार-पाच हजार रुपये घरात आले, तर पावसाळ्यात कर्ज काढण्याची वेळ टळेल, आणि पहिल्या वर्षासाठी एवढे ध्येय पुरेसे आहे. नीती आयोगाच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे गोव्यात बहुआयामी गरिबीत राहणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. त्या मोजणीत वीज, पाणी, शौचालय, शाळा, बँकेचे खाते यांसारख्या गोष्टी पाहिल्या जातात आणि त्या तुमच्या घरी आहेतच. ज्या घरातील कमावते साधन 2012 साली एकदा आणि 2018 साली पुन्हा थांबले, त्या घराची चणचण या मोजणीत दिसत नाही. म्हणूनच डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यातील बायकांच्या छोट्या धंद्यांना मी हौसेची कामे मानत नाही. अनेक घरांत चुलीचा तो एकमेव नियमित आधार झाला आहे.

‘हातात काय उरले ते सांगता येत नाही’ हे तुमचे वाक्य मला सर्वांत अधिक बोचले, कारण ते सांगता येईल अशी वही तुमच्याकडून कोणी करून घेतली नाही. एक उदाहरण घेऊ. समजा 10 किलो मसाल्यासाठी मिरची, धणे आणि बाकी सामान मिळून 4,000 रुपये लागले आणि तुम्ही तो 500 रुपये किलोने विकून 5,000 रुपये आणले. हजार रुपये सुटले, असे वाटते. आता कुटण्याचे, पिशव्यांचे, लेबलांचे आणि बसभाड्याचे 700 रुपये धरा. निवडणे, भाजणे, कुटून आणणे आणि भरणे यांत दोघींचे दोन दिवस गेले. दिवसाला 500 रुपये मजुरी धरली तर 2,000 झाले. एकूण खर्च 6,700 रुपये, म्हणजे किलोला 670. तुम्ही 1,700 रुपयांचे श्रम फुकट दिलेत आणि त्याला नफा समजलात. यावर दोनच उपाय आहेत: सामान स्वस्त मिळवा, किंवा भाव वाढवा. हरमलची किंवा खोल्याची मिरची, जिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ती वापरून मसाला केला आणि ते नाव प्रामाणिकपणे लावले, तर जाणकार गिऱ्हाईक अधिक भाव देते. पण मग त्यात दुसरी स्वस्त मिरची चिमूटभरही मिसळता येणार नाही. रोज संध्याकाळी पाच मिनिटे वही भरा. हिशेबाला मुलीची किंवा मुलाची मदत घेतली तरी चालेल, मात्र वही तुम्हाला स्वतःला वाचता आली पाहिजे.

परवान्यांचे थोडक्यात सांगते. खाद्यपदार्थ विकण्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवीच. छोट्या उत्पादकांसाठी ती सोपी आहे, फी वर्षाला 100 रुपये आहे आणि मिळालेला चौदा आकडी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो. त्याबरोबर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल ते, कमाल किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण ही माहिती असावी. छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य होते. ती करून देण्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 साली केंद्राची योजना सुरू झाली. तिच्यात खाद्यपदार्थ करणाऱ्या बचतगटाच्या सदस्येला 40,000 रुपयांपर्यंतचे बीजभांडवल आणि बँकेचे कर्ज काढून घेतलेल्या यंत्रांच्या खर्चावर 35 टक्के अनुदान अशी तरतूद आहे. आज त्यात अर्ज घेतले जात आहेत का, हे गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे काम पाहणाऱ्यांना विचारा. अध्यक्षांना यंत्र घ्यायचेच असेल, तर एक हंगाम भाड्याने कुटून घेतल्याच्या नोंदी दाखवून याच मार्गाने घ्यावे, हे तुम्ही बैठकीत सुचवू शकता. असे सांगितले म्हणजे त्यांचा प्रस्ताव फेटाळल्यासारखेही होणार नाही.

घरी आलेल्या वित्तसंस्थेच्या माणसाविषयी. आठवड्याला 600 रुपयांचे 104 हप्ते म्हणजे 62,400 रुपये. व्याज 12,400 झाले, आणि तो त्याला ‘बारा टक्के’ म्हणतो, कारण तो पूर्ण 50,000 दोन्ही वर्षे तुमच्याकडेच आहेत असे धरून टक्केवारी काढतो. प्रत्यक्षात मुद्दल पहिल्या आठवड्यापासून कमी होत जाते, तेव्हा खरा दर सुमारे 23 टक्के पडतो, आणि प्रक्रिया शुल्क व विमा त्यावर वेगळे. महिला गटांना मात्र 3 लाखांपर्यंतचे कर्ज 7 टक्के दराने देण्याची सोय आहे आणि गटाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचे नसते. दुसरी अडचण आठवड्याच्या हप्त्याची आहे. तुमचे उत्पन्न हंगामी, पण हप्ता दर सोमवारी दारात. पावसाळ्यात तो भरण्यासाठी तुम्ही दुसरे कर्ज काढाल. हे कर्ज घेऊ नका. तरीही वाड्यावरील कोणी घेतलेच असेल, तर तिला हे जरूर सांगा, की रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे असे सूक्ष्मकर्ज धरून कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड आकारता येत नाही.

हप्ता थकवलेल्या दोघींबाबत गटात नुसती कुजबुज चालू असेल, तर ती थांबवून त्यांच्या घरी जा. चार महिने थांबलेला हप्ता बहुधा आजारपण, दारू किंवा सुटलेली नोकरी यांपैकी एक गोष्ट सांगत असतो, आणि कोणती ते कळल्याशिवाय दंड लावणे व्यर्थ आहे. ज्यांना खरोखर अडचण आहे त्यांचा हप्ता गटाने ठराव करून, इतिवृत्तात लिहून, निम्मा करावा आणि मुदत वाढवावी. जिला जमत असून भरायचे नाही, तिला मात्र थकबाकी संपेपर्यंत नवे कर्ज मिळू नये. आणि पुढच्या वेळी कर्जाची वाटणी सारखी करू नका. प्रत्येकीला 25,000 दिले, तेव्हा जिला 8,000 पुरले असते तिच्याही अंगावर 25,000 चे व्याज बसले आणि जिच्या धंद्याला 40,000 हवे होते तिची गरज अर्धवट राहिली. कर्ज हे गरज आणि फेडण्याची ताकद पाहून, सर्वांसमोर चर्चा करून द्यावे.

आता तुमच्या मनाला लागलेली गोष्ट. या दोघींना गटात घेतले पाहिजे, असे मला निःसंकोच वाटते. 200 रुपये हा आकडा कोणत्याही कायद्याने ठरवलेला नाही. तो तुमच्या गटाने ठरवला आहे आणि गटच बदलू शकतो. मजुरीचे पैसे दर आठवड्याला हातात येणाऱ्या बाईला महिन्याचे 200 रुपये जड जातात, पण आठवड्याला 25 रुपये ती टाकू शकते. बचत कमी, तर तिच्या कर्जाची मर्यादाही सुरुवातीला कमी ठेवा. एवढा नियम पुरेसा आहे. बाकीच्यांची भीती अशी असते की गरीब बाई कर्ज बुडवील. माझ्या पाहण्यात उलट आले आहे: जिला दुसरे कोणतेच दार उघडे नसते, ती गटाचे दार बंद होऊ देत नाही. बेळगावकडून आलेल्या बहिणीला आणखी एक अडचण आहे. गृह आधारसारख्या योजनांना अनेक वर्षांच्या वास्तव्याची अट असल्यामुळे सरकारी आधार तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि गावात तिचे नातेवाईक नाहीत. मूल तापाने फणफणले तर ती कोणाकडे जाईल? पाच ते वीस गट मिळून जो ग्रामसंघ होतो, त्याच्याकडे आजारपण आणि अन्नाची टंचाई यांसारख्या प्रसंगांसाठी जोखीम निधी ठेवण्याची तरतूद आहे. तुमच्या ग्रामसंघाने तो निधी घेतला आहे का आणि शेवटचा केव्हा, कोणाला दिला, हे पुढच्या सभेत उभे राहून विचारा. तो प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

त्या दोघींपैकी जी कुळागरात काम करते, तिला भिंड केव्हा पिकते, कोणत्या झाडाचे सालपट जाड आणि कोठे ते वाया जाऊन पडते, हे तुमच्या बारा जणींपेक्षा अधिक माहीत असेल. एप्रिलमध्ये भिंड गोळा करण्यासाठी आणि फोडण्यासाठी तुम्हाला हात लागणारच आहेत. रोजच्या मजुरीने तिला कामाला लावा आणि त्या मजुरीतूनच तिची बचत सुरू होऊ द्या. यंत्राचा ठराव ज्या बैठकीत येणार आहे, त्याच बैठकीत आठवड्याच्या 25 रुपयांचा ठरावही मांडा. बैठकीला जाताना थोडी लवकर निघा आणि त्या दोघींना त्यांच्या घरून बरोबर घेऊन जा.